घातात अडकलेली वेळ खाली कशी उतरवायची: कपॅसिटर आणि कॉइलची गणितं

नाशिकरोडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने विचारलं आहे: "सर, १२ व्होल्टच्या सप्लायवर एका रेझिस्टरमधून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चार्ज होतो. १० सेकंदांनी त्यावर ८ व्होल्ट हवेत. रेझिस्टर किती घ्यायचा? माझं उत्तर ४८ किलोओम येतंय, पुस्तकात ९१ दिलंय. लॉग घेतला की गणित फिसकटतं. आणि कॉइलच्या गणितात तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

पुस्तक बरोबर आहे. तुझे ४८ कुठून आले ते आधी पाहू, कारण दर वर्षी आमच्याकडे अंबडला ट्रेनिंगला येणारी निम्मी पोरं हेच करतात. तू असं लिहिलं असणार:

८ = १२ − १२ × ई^(−टी/टाऊ)

इथे ई म्हणजे २.७१८२८, टी म्हणजे वेळ आणि टाऊ म्हणजे टाइम कॉन्स्टंट, आर गुणिले सी, म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. इथपर्यंत सगळं ठीक. मग तू प्रत्येक पदाचा वेगवेगळा नैसर्गिक लॉग घेतलास, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं एलएनचं बटण:

एलएन ८ = एलएन १२ − (एलएन १२ − टी/टाऊ)

दोन्ही एलएन १२ कटले, टी/टाऊ = एलएन ८ = २.०७९ उरलं, टाऊ ४.८१ सेकंद आला आणि रेझिस्टर ४८ किलोओम. दिसायला अगदी नीटनेटकं. पण लॉग फक्त गुणाकार-भागाकार फोडतो. बेरीज-वजाबाकीवर त्याची मात्रा चालत नाही. बारातून काहीतरी वजा केलेल्या रकमेचा लॉग म्हणजे दोन लॉगची वजाबाकी नव्हे. तिथेच घोडं पेंड खातं.

म्हणून लॉगच्या बटणाला हात लावण्याआधी ई असलेलं पद एका बाजूला एकटं उभं करायचं. बारातून आठ गेले, चार राहिले: १२ × ई^(−टी/टाऊ) = ४. बाराने भागलं: ई^(−टी/टाऊ) = १/३. आता लॉग घे. टी/टाऊ = एलएन ३ = १.०९८६. टी १० सेकंद, म्हणून टाऊ ९.१० सेकंद, आणि १०० मायक्रोफॅरडने भागलं की ९१ किलोओम. ही किंमत स्टँडर्ड आहे, दुकानात मागितली की मिळते.

उत्तर आलं की ते उलटं घालून बघायची सवय लाव. तुझे ४८ घातले तर १० सेकंदांत दोन टाऊच्या वर वेळ होते आणि कपॅसिटरवर १०.५ व्होल्ट येतात. आपल्याला हवे होते आठ. अर्ध्या मिनिटाच्या या पडताळणीने परीक्षेतले चार मार्क वाचतात.

आता मुख्य गोष्ट. चार्जिंगचं एक सूत्र, डिस्चार्जिंगचं दुसरं, कॉइलमध्ये करंट वाढतानाचं तिसरं, उतरतानाचं चौथं, असं पाठांतर मला कधीच पटलं नाही. सूत्र एकच आहे:

आत्ता = शेवट + (सुरुवात − शेवट) × ई^(−टी/टाऊ)

कपॅसिटर असेल तर हे तिन्ही आकडे व्होल्टेजचे, कॉइल असेल तर करंटचे. कारण कपॅसिटरचं व्होल्टेज एका क्षणात उडी मारत नाही आणि कॉइलचा करंट उडी मारत नाही. 'शेवट' म्हणजे सर्किट तसंच अनंत काळ सोडून दिलं तर ते जिथे जाऊन थांबेल ती किंमत. बदलाचा वेग नेहमी शेवटापासून उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो, म्हणून दर एका टाऊला उरलेल्या अंतरातलं ३६.८ टक्केच शिल्लक राहतं. ६३.२ टक्के हा प्रसिद्ध आकडा त्याचीच दुसरी बाजू. पाच टाऊनंतर उरतं ०.७ टक्का, म्हणून 'पाच टाऊ झाले की पूर्ण' असं आपण म्हणतो.

यातून वेळ काढायची तर:

वेळ = टाऊ × एलएन [(सुरुवात − शेवट) ÷ (आत्ता − शेवट)]

कंसात दोन अंतरांचं गुणोत्तर आहे: आधी किती लांब होतो, आता किती लांब आहोत. तुझ्या गणितात आधी १२ व्होल्ट लांब, आता ४ व्होल्ट लांब, गुणोत्तर ३. संपलं. रेझिस्टर काढायचा असो, कपॅसिटर काढायचा असो, नाहीतर वेळ, लॉगच्या आत हेच बसतं. वजा चिन्हाची झटापटही उरत नाही, कारण मोठं अंतर वर घेतलं की लॉग आपोआप धन येतो.

तुझ्या गणितातली आणखी एक गंमत. ८ म्हणजे १२ चे दोन तृतीयांश. ५५५ टायमर आयसीही बरोबर इथेच, सप्लायच्या दोन तृतीयांशावर, आउटपुट पाडतो. हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केलेला आणि १९७२ साली बाजारात आलेला हा आयसी आजही आपल्या प्रॅक्टिकलच्या पेटीत असतो. मोनोस्टेबलचं, म्हणजे एकदाच वेळ मोजून थांबणाऱ्या जोडणीचं, 'वेळ = १.१ × आर × सी' हे जे सूत्र वहीत लिहून घेतलंस, त्यातला १.१ म्हणजे हाच एलएन ३. शून्यापासून दोन तृतीयांशापर्यंत, अंतरांचं गुणोत्तर तीन. अस्टेबलमध्ये, म्हणजे सतत चालू-बंद होत राहणाऱ्या जोडणीत, कपॅसिटर एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांच्यामध्ये हेलपाटे घालतो, गुणोत्तर दोन, म्हणून तिथे ०.६९३ येतो. सप्लाय १२ चा ९ केला तरी टायमरची वेळ फारशी का बदलत नाही, तेही यातूनच कळतं: सुरुवात, शेवट, आत्ता तिन्ही एकाच प्रमाणात कमी होतात आणि गुणोत्तर जागचं हलत नाही.

म्हणजे लॉग ही अडचण नाहीच. चुका होतात त्या 'शेवट' आणि 'टाऊ' ठरवण्यात.

टाऊमधला आर म्हणजे कपॅसिटरच्या पायांतून मागे वळून पाहिल्यावर दिसणारा रोध. १२ व्होल्ट, १० किलोओममधून कपॅसिटर, आणि कपॅसिटरला समांतर २० किलोओम असं सर्किट आलं की पोरं टाऊसाठी १० घेतात, नाहीतर बेरीज करून ३० घेतात. कपॅसिटर बाजूला काढ, सप्लायच्या जागी तार जोड, आणि पाहा: दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतात, ६.६७ किलोओम. आणि शेवट १२ नाही, ८ व्होल्ट, कारण दोन रेझिस्टरांत व्होल्टेज वाटलं जाऊन डिव्हायडर झाला. असं सर्किट एक सप्लाय आणि एक रेझिस्टर इतकं छोटं करणारा थेवेनिनचा नियम परीक्षेपुरता असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एक गणित करावं.

एककांचं एका दमात सांगतो. किलोओम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे मिलिसेकंद. मेगाओम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे सेकंद. मिलिहेन्री भागिले ओम म्हणजे मिलिसेकंद. दहाचे घात लिहीत बसायची गरज नाही. आणि एलएनऐवजी चुकून लॉगचं बटण दाबलंस तर त्या लॉगच्या आकड्याला २.३०३ ने गुण.

आता तू ९१ किलोओमचा रेझिस्टर आणलास, सर्किट जोडलंस, आणि १० च्या जागी १५ सेकंद लागले, तर? गणित चुकलं नाही. एकतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत वीस टक्के इकडेतिकडे असतेच. दुसरं म्हणजे लीकेज, कपॅसिटरमधून आतल्या आत गळणारा करंट. १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या साध्या कपॅसिटरला डेटाशीट साधारण २५ मायक्रोअँपिअरपर्यंत लीकेज चालवून घेते. नवा चांगला कपॅसिटर त्याच्या कितीतरी खाली असतो, पण वर्षभर पेटीत पडून राहिलेला सुरुवातीला बराच गळतो. २५ मायक्रोअँपिअर ९१ किलोओममधून सतत वाहिले तर २.३ व्होल्ट तिथेच खर्च झाले. मग शेवट १२ राहत नाही, ९.७ होतो. पुन्हा तेच सूत्र: ९.७ भागिले १.७, एलएन १.७४, गुणिले ९.१, उत्तर सुमारे १५.८ सेकंद. मोठी वेळ हवी म्हणून कपॅसिटर आणि रेझिस्टर दोन्ही वाढवत गेलास तर एक दिवस शेवट ८ च्या खाली जाईल आणि टायमर कधीच सुटणार नाही. मिनिटांची वेळ हवी असेल तर आरसीच्या भानगडीत पडूच नये, ठोके मोजणारा काउंटर वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कॉइल. तुझी सुरुवात अडते कारण पुस्तकातली कॉइल नुसती एक खूण असते. खरी कॉइल घेऊ. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत ठिबकच्या ऑटोमेशनला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने उघडणारे व्हॉल्व्ह, बसवलेले तू पाहिले असशील. समज २४ व्होल्ट डीसीची कॉइल, रोध ४८ ओम, इंडक्टन्स ०.६ हेन्री. इथे टाऊ म्हणजे एल भागिले आर, १२.५ मिलिसेकंद. कपॅसिटरच्या उलट, रोध वाढला की टाऊ कमी होतो. हे नीट लक्षात ठेव. शेवटचा करंट २४ भागिले ४८, म्हणजे ५०० मिलिअँपिअर. प्लंजर, म्हणजे कॉइलच्या आतला सरकता लोखंडी दांडा, उचलायला ३५० लागतात असं धर. आधी ५०० लांब, आता १५० लांब, गुणोत्तर ३.३३, एलएन १.२०४, वेळ १५ मिलिसेकंद. कपॅसिटरच्या गणितापेक्षा वेगळं काहीच नाही.

हा आकडा प्लंजर हलेपर्यंतचाच खरा. तो सरकला की हवेची फट मिटते, इंडक्टन्स वाढतो, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर करंटच्या चढत्या रेषेत एक खाच दिसते. ती खाच दिसली म्हणजे व्हॉल्व्ह खरोखर उचलला. दुरुस्तीच्या कामात ती खाच मला आकड्यापेक्षा जास्त उपयोगी वाटते.

आता हाच व्हॉल्व्ह कंट्रोलरपासून ३०० मीटरवर, एक स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरवर लाव. अशी वायर किलोमीटरला साधारण १८ ओम. जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे १०.८ ओम. एकूण ५८.८. शेवटचा करंट ४०८ मिलिअँपिअर, ३५० गाठायला २० मिलिसेकंद. सकाळी व्हॉल्व्ह उघडतो, शेतकरी खूश. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे दिवस, दुपारचं ऊन, आधीच्या पाळीत तासभर चालून तापलेली कॉइल. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. ६० अंशांनी तापली की ४८ चे ५९ ओम झाले. वायरसकट ७०. शेवट ३४३ मिलिअँपिअर. सूत्रात घाल: 'आत्ता' ३५०, 'शेवट' ३४३, खालचं अंतर उलट्या चिन्हाचं झालं, गुणोत्तर ऋण, आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो.

पोरं इथे कॅल्क्युलेटर झटकतात. अरे, उत्तर मिळालं की! ऋण संख्येला लॉग नाही, याचा अर्थ अशी वेळच अस्तित्वात नाही: व्हॉल्व्ह उघडणारच नाही, कितीही वेळ थांब. 'सकाळी चालतो, दुपारी चालत नाही' या तक्रारीवर कंट्रोलर बदलून उपयोग नाही. अडीच स्क्वेअरची वायर टाकली की वायरचा रोध साडेचार ओमच्या आत येतो, तापलेल्या कॉइललाही ३७७ मिलिअँपिअर मिळतात आणि काम होतं.

कॉइल बंद करताना आणखी मजा आहे. करंट एकदम तुटू नये म्हणून कॉइलला समांतर फ्रीव्हीलिंग डायोड लावतात; बंद केल्यावर करंट त्यातून फिरत फिरत उतरतो. पुस्तकात डायोड आदर्श धरून शेवट शून्य घेतात: ५०० वरून १०० मिलिअँपिअरला प्लंजर सुटत असेल तर गुणोत्तर ५, एलएन १.६०९, वेळ २० मिलिसेकंद. पण डायोडचे ०.७ व्होल्ट करंटला विरोध करत असतात, म्हणून करंट ज्या शेवटाकडे निघालेला असतो तो शून्य नसून उणे ०.७ भागिले ४८, म्हणजे उणे १४.६ मिलिअँपिअर. तिथे तो पोचणार नाही, डायोड शून्यावरच दार लावतो. तरी गणितात शेवट तोच घालायचा: ५१४.६ भागिले ११४.६, वेळ १८.८ मिलिसेकंद.

फरक क्षुल्लक वाटतो ना? डायोडच्या जोडीला सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर लाव, म्हणजे ठरावीक २४ व्होल्ट अडवून धरणारा डायोड. आता शेवट उणे ५१४.६. गुणोत्तर १०१४.६ भागिले ६१४.६, म्हणजे १.६५. वेळ ६.३ मिलिसेकंद. कॉइल तीच, टाऊ तोच १२.५, पण सुटण्याची वेळ एक तृतीयांश झाली, ती केवळ कधीही न गाठता येणारा शेवट लांब नेल्यामुळे. कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा मोठा स्विच, लवकर सोडवायचा असेल तेव्हा आम्ही हेच करतो. मात्र बंद होण्याच्या क्षणी कॉइल चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर ४९ व्होल्ट येतात, तेवढं सोसणारा ट्रान्झिस्टर हवा.

सगळीच समीकरणं लॉगला वश होत नाहीत, हेही सांगून ठेवतो. दोन वेगळे टाऊ असलेली पदं बेरजेत आली, समज १० × ई^(−टी/२) + ६ × ई^(−टी/५) = ४, तर लॉगने काही सुटत नाही. सरळ अंदाज घाल: टी ४ घेतला तर ४.०५ येतात, ४.१ घेतला तर ३.९३, मधे ४.०४ ला ४ जुळतात. यात कमीपणा नाही. सिम्युलेटरही आतून असाच अंदाज सुधारत जातो.

शेवटी तुला पुढे रोज लागेल असं एक. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हवर लिहिलेलं असतं की सप्लाय बंद केल्यावर इतकी मिनिटं थांबा. ४१५ व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन डीसी झाले की ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर, म्हणजे कपॅसिटर जोडलेल्या डीसी लाइनवर, ५८७ व्होल्ट असतात. समज २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे ११००, आणि प्रत्येकावर ४७ किलोओमचा ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर, मिळून ९४. टाऊ १०३ सेकंद. ५० व्होल्टच्या खाली यायला: ५८७ भागिले ५०, एलएन २.४६३, सव्वाचार मिनिटं. डिस्प्ले मात्र त्याच्या बराच आधी विझतो, कारण कंट्रोल सप्लाय ठरावीक व्होल्टेजच्या खाली चालतच नाही. डिस्प्ले विझला म्हणून हात घालणारे या धंद्यात भेटतात. ब्लीडर तुटला असेल तर सव्वाचार मिनिटांचं गणितही खोटं. म्हणून वेळ झाल्यावरसुद्धा आधी मीटर, मग हात. आणि शिकाऊ असेपर्यंत एकट्याने पॅनल उघडायचं नाही.

याच ड्राइव्हवर समीकरण उलटं चालवता येतं. सप्लाय बंद असतानाच, बसवर काही नाही याची खात्री करून, मीटरच्या क्लिपा डीसी बसला लाव. मग चालू करून बंद कर. डिस्प्ले चालू असेपर्यंतचे आकडे घेऊ नकोस, कारण तोवर कंट्रोल सप्लाय आपल्या गरजेपुरती पॉवर ओढत असतो आणि उतार घातांकी नसतो. विझल्यावर १६० व्होल्टला घड्याळ लाव आणि मिनिटभराने पुन्हा वाच. ९० दिसले तर टाऊ = ६० भागिले एलएन(१६० ÷ ९०), म्हणजे १०४ सेकंद; कपॅसिटर ठणठणीत. ७० दिसले तर टाऊ ७२.६ सेकंद, म्हणजे ९४ किलोओमवर ७७२ मायक्रोफॅरड, क्षमता तीस टक्के उतरली. पूर्ण डिस्चार्ज झाल्यावर ब्लीडर मोजून घे. ते ४७ किलोओमच भरले तर दोष कपॅसिटरचाच, आणि वीस टक्क्यांपेक्षा जास्त उतरलेला कपॅसिटर मी ड्राइव्हमध्ये ठेवत नाही, दोन्ही एकदमच बदलतो.